कायमस्वरूपी जीएनएसएस स्टेशनांचा डेटा विश्लेषणापर्यंत आपोआप कसा न्यावा

प्रश्न थोडक्यात असा: पंचवीस-तीस कायमस्वरूपी जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहप्रणालींचे सिग्नल टिपणारी) स्टेशनं आहेत, रिसीव्हर निरनिराळ्या कंपन्यांचे आहेत, आणि अधूनमधून ट्रायपॉडवर घेतलेली मोहिमेची निरीक्षणंही येतात. पुढचं विश्लेषण गॅमिट-ग्लोबके किंवा बर्नीज या सॉफ्टवेअरमध्ये होणार, हवी आहे ती मिलिमीटर पातळीची टाइम सिरीज आणि स्टेशनांचे वेग. कच्च्या फाईलपासून विश्लेषणाला तयार फाईलपर्यंतचं काम सध्या हाताने चालतं. ते आपोआप कसं करावं आणि त्यात फसगत कुठे होते?

आधी या कामाची हद्द ठरवून घ्या. पूर्वप्रक्रिया म्हणजे डेटा ‘साफ करणं’ असं धरून सुरुवात केली की पहिल्याच वळणावर चुकतं. सायकल स्लिप (सिग्नल तुटल्याने फेजच्या मोजणीत पडलेली पूर्ण सायकलींची उडी) शोधणं, जोडणं, वाईट निरीक्षणं काढणं हे काम गॅमिटमधला ऑटक्लीन किंवा बर्नीजमधला मॉपआरपी आपल्या घरगुती स्क्रिप्टपेक्षा फार चांगलं करतात, कारण त्यांच्या हाती उपग्रहांच्या कक्षा, घड्याळं आणि इतर स्टेशनांचा डेटा असतो. तुमच्या पाइपलाइनने एवढंच बघायचं: ही फाईल ज्या स्टेशनची, ज्या दिवसाची आणि ज्या अँटेनाची म्हणून आली आहे, तिथलीच आहे ना? खात्री पटली तर पुढे सोडा, शंका आली तर अडवा. टाइम सिरीजमध्ये दिसणाऱ्या खोट्या उड्यांपैकी बहुतेक उड्या हेडर (फाईलच्या सुरुवातीची माहिती) आणि स्टेशनच्या नोंदींमधून येतात, फेज (सिग्नलच्या लहरीच्या) निरीक्षणांमधून क्वचित. त्यामुळे मेहनत कुठे घालायची हे उघड आहे.

कच्ची फाईल आणि रूपांतर

डिस्कवर चार जागा करा: आवक, संग्रह, अडवलेल्या आणि तयार. फाईल आली की तिचा एसएचए-२५६ चेकसम (फाईल बदलली का हे ओळखण्याचा ठसा) नोंदवा आणि मूळ प्रत फक्त वाचण्याच्या परवानगीने संग्रहात टाका. ती पुन्हा कधी बदलायची नाही. रायनेक्स (जीएनएसएस डेटाचा सर्वमान्य मजकुरी फॉरमॅट) हवं तेव्हा परत बनवता येतं. रिसीव्हरच्या मेमरीतून पुसला गेलेला कच्चा डेटा परत येत नाही. काही वर्षांनी कन्व्हर्टरमधली चूक उघडकीला येते आणि सगळं नव्याने बदलावं लागतं, तेव्हा या शिस्तीची किंमत कळते.

रूपांतरासाठी टीईक्यूसी या जुन्या साधनावर नवं काही उभारू नका. वर्षानुवर्षं सगळ्यांनी तेच वापरलं, पण त्याची शेवटची आवृत्ती फेब्रुवारी २०१९ची आहे आणि ते रायनेक्स २च्या पुढे जात नाही. आज सरळ मार्ग असा: कच्च्या फाईलचं रायनेक्स ३ किंवा ४ करायला त्या-त्या कंपनीचा स्वतःचा कन्व्हर्टर वापरा. सेप्टेन्ट्रिओच्या एसबीएफसाठी कमांड लाइनवर चालणारं साधन मिळतं, ट्रिंबलच्या टी०२ फाईलसाठीही कंपनीचं साधन आहे. त्यापुढचं सगळं काम, म्हणजे ताशी फाईल जोडणं, हेडर बदलणं, एपॉक (निरीक्षणाचे क्षण) विरळ करणं, उपग्रहप्रणाली निवडणं, हे पॉट्सडॅमच्या जीएफझेड संस्थेने केलेल्या जीएफझेडआरएनएक्सकडे द्या. ते फक्त रायनेक्स वाचतं, कच्चे फॉरमॅट वाचत नाही, आणि व्यावसायिक वापराच्या परवान्याच्या अटी वेगळ्या आहेत, त्या आधी वाचून घ्या.

बाहेरच्या स्टेशनांचा डेटा हातानाका पद्धतीने आवळलेला येतो. ही पद्धत प्रत्येक निरीक्षणाऐवजी लागोपाठच्या निरीक्षणांमधले फरक साठवते. म्हणून फाईल मध्ये कुठे फाटली असेल, तर चूक त्या ओळीपुरती राहत नाही, पुढे पसरते. हातानाका उलगडणारा प्रोग्राम काय कोड परत करतो ते तपासाच, पण तेवढ्यावर विसंबू नका. या क्षेत्रातली बरीच जुनी फोरट्रान साधनं अर्ध्यावर कोलमडली तरी ‘सगळं ठीक’चा शून्य कोड देऊन मोकळी होतात. बाहेर पडलेल्या फाईलमध्येच बघा: हेडरची शेवटची ओळ आहे का, पहिला आणि शेवटचा एपॉक अपेक्षित दिवसात बसतो का, एपॉक किती. पूर्ण दिवसाला ३० सेकंदांनी २८८० एपॉक येतात.

डाउनलोडची एक गंमत सांगून ठेवतो. नासाच्या सीडीडीआयएस या डेटा केंद्राने ऑक्टोबर २०२०च्या अखेरीस बिनपासवर्डचं एफटीपी बंद केलं. आता अर्थडेटाचं लॉगिन लागतं. लॉगिन चुकलं तर सर्व्हर एरर देण्याऐवजी लॉगिनचं वेबपेज पाठवतो, आणि तुमची स्क्रिप्ट ते जीझेड नावाने आनंदाने साठवते. पुढे अनझिप फसतं आणि लॉगमध्ये दिसतं की ‘फाईल खराब’. म्हणून उतरवलेल्या प्रत्येक फाईलचे पहिले दोन बाइट बघायचे. जीझिप असेल तर ते ठरलेले असतात. ते नसतील तर फाईल फेकून पुन्हा मागवायची, आणि तीनदा तेच झालं तर माणसाला कळवायचं.

कोणता सिग्नल, कोणत्या नावाने

रायनेक्स ३मध्ये एकाच फ्रीक्वेन्सीवर वेगवेगळ्या पद्धतीने पकडलेले सिग्नल वेगळ्या नावांनी असतात. जीपीएसच्या एल२वर (एल१ आणि एल२ या जीपीएसच्या दोन फ्रीक्वेन्सी) सी२डब्ल्यू म्हणजे जुना पी-वाय कोड, सी२एल किंवा सी२एक्स म्हणजे एल२सी. रायनेक्स २मध्ये फेजची एकच जागा आहे, एल२. विश्लेषणाला रायनेक्स २ हवं म्हणून रूपांतर केलं की यातलं एक निवडावं लागतं, आणि तुम्ही सांगितलं नाही तर साधन आपल्या मनाने निवडतं. एल२सी सगळ्या उपग्रहांवर नाही, तो ब्लॉक २आर-एमपासून पुढच्या उपग्रहांवरच आहे. त्यामुळे आपसूक निवड झाली तर एकाच फाईलमध्ये काही उपग्रहांचा एल२ एका सिग्नलवरून आणि काहींचा दुसऱ्यावरून येतो. या दोन फेजमध्ये मुळात पाव सायकलचा, म्हणजे सुमारे ६.१ सेंटिमीटरचा फरक असतो. रायनेक्स ३च्या नियमानुसार तो कन्व्हर्टरने जुळवून द्यायचा आणि हेडरमध्ये नोंदवायचा, पण जुन्या फर्मवेअरच्या फाईल पाहिल्या की हे सगळे पाळतातच असं नाही. जुळवलेलं नसेल तर दुहेरी फरकात (दोन स्टेशनं आणि दोन उपग्रह यांच्या निरीक्षणांतल्या फरकात) अँबिग्विटी, म्हणजे फेजमधली अज्ञात सायकलसंख्या, पूर्णांकावर बसत नाही, पाव सायकलवर अडकते. उपाय सोपा: प्रत्येक रिसीव्हर प्रकारासाठी सिग्नलचा पसंतीक्रम स्वतः लिहून ठेवा आणि तोच साधनाला द्या. जाळ्यात जीपीएससाठी सगळीकडे डब्ल्यू उपलब्ध असेल तर तोच घ्या. कंटाळवाणा आहे, पण सगळ्यांचा सारखा आहे.

बायदू या चिनी उपग्रहप्रणालीच्या बाबतीत आणखी एक खड्डा. १५६१.०९८ मेगाहर्ट्झच्या बी१आय सिग्नलला रायनेक्स ३.०२मध्ये १ क्रमांक मिळाला, बाकी आवृत्त्यांत तो २ क्रमांकाने येतो. ३.०२च्या फाईल तशाच पुढे ढकलल्या तर सॉफ्टवेअर एकतर बायदू टाकून देतं किंवा चुकीची फ्रीक्वेन्सी धरतं. आवृत्ती क्रमांक वाचून नाव बदलण्याची पायरी घाला.

विरळ करण्याबद्दल. १ सेकंदाचा डेटा ३० सेकंदांवर आणताना सरासरी काढायची नाही, एपॉक निवडायचे. यात दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली: ज्या रिसीव्हरचं घड्याळ जुळवलेलं नसतं, त्यांचे एपॉक २९.९९९ किंवा ३०.००१ सेकंदाला पडतात. स्क्रिप्ट काटेकोर ३० शोधत असेल तर हे एपॉक गळतात आणि फाईल जवळजवळ रिकामी निघते. काही मिलिसेकंदांची सवलत ठेवा. दुसरी जास्त छुपी आहे. सिग्नल तुटल्याची खूण, म्हणजे लॉस ऑफ लॉक इंडिकेटर, ज्या एपॉकवर आहे तोच नेमका गाळला गेला, तर खूणही गेली. उरलेल्या फाईलमध्ये स्लिप आहे पण इशारा नाही. खूण पुढच्या ठेवलेल्या एपॉकवर नेणारं साधन वापरा, आणि ते तसं करतं का हे एका छोट्या फाईलवर मुद्दाम तपासा.

कमी उंचीच्या कोनातले उपग्रह पूर्वप्रक्रियेत कापू नका. १० अंश ठेवायचे की ५ हा विश्लेषणाचा निर्णय आहे आणि तो पुढे बदलतो. कोड स्मूदिंगही (फेजच्या आधाराने कोड निरीक्षणं गुळगुळीत करणं) इथे नको.

तारीख आणि वेळ

वर्षातला दिवस तीन आकडी लिहितात: ००१ ते ३६६. बॅशमध्ये गणित करताना शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान समजला जातो. ००८ आणि ००९ला स्क्रिप्ट कोसळते. ते बरंच म्हणायचं, निदान कळतं. पण ०१० मुकाट्याने ८ होतो, ०७७चा ६३ होतो, आणि आदल्या दिवसाची फाईल शोधणारी स्क्रिप्ट भलत्याच दिवशी जाते. आकड्याआधी दहा आणि हॅशची खूण लावून दशमान सक्तीचं करा, किंवा तारखेचं सगळं गणित पायथनकडे सोपवा. मी दुसरं सुचवेन. सर्व्हरचं घड्याळ आणि क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी सोय) दोन्ही यूटीसीवर ठेवा.

जीपीएस वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे, २०१७च्या सुरुवातीपासून. एखादं स्टेशन फाईल यूटीसीच्या मध्यरात्री कापत असेल, तर त्याची दिवसाची फाईल जीपीएस वेळेच्या ००:००:१८ला सुरू होते आणि दुसऱ्या दिवसाचा ००:००:०० हा एपॉक तिच्या शेपटाला चिकटतो. काही सॉफ्टवेअर हा एक जादा एपॉक बघून फाईल दोन दिवसांची आहे असं समजतं. यावर इलाज म्हणजे शेजारच्या दिवसांच्या फाईल घेऊन जोडायच्या आणि जीपीएस दिवसाच्या सीमेवर नव्याने कापायच्या. मोहिमेच्या फाईलना तर हे लागतंच, कारण तिथलं सत्र मध्यरात्र ओलांडून जातं.

जुन्या रिसीव्हरमध्ये आठवडा क्रमांकाचा घोळ अजून सापडतो. जीपीएसचा आठवडा ६ जानेवारी १९८०पासून मोजतात आणि मूळ संदेशात त्याला दहाच बिट असल्याने दर १०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये असं झालं. फर्मवेअरने हे सांभाळलं नाही तर तारीख ७१६८ दिवस, म्हणजे १९ वर्षांहून जास्त, मागे जाते. फाईलच्या आतली तारीख आणि फाईल पोचल्याची तारीख यांत मोठा फरक दिसला की आधी ७१६८ने तपासा. बरोबर तेवढाच फरक असेल तर कच्च्या फाईलवरून आठवडा क्रमांक स्वतः देऊन पुन्हा रूपांतर करा. रायनेक्समधल्या तारखा शोधून बदलू नका.

हेडर, अँटेना आणि उंची

इथे थोडं रेंगाळायला हवं. पहिला नियम: हेडर हा माहितीचा स्रोत नाही, फक्त साक्षीदार आहे. स्टेशनच्या नोंदी (कोणता रिसीव्हर, फर्मवेअर, अँटेना, रेडोम म्हणजे अँटेनावरचं आवरण, अँटेनाची उंची, कधीपासून कधीपर्यंत) एकाच तक्त्यात ठेवा. तो आयजीएसच्या (आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवेच्या) साइट लॉगच्या नमुन्यावरून भरा आणि गॅमिटची स्टेशन-इन्फो फाईल असो किंवा बर्नीजची एसटीए फाईल, दोन्ही त्याच तक्त्यातून आपोआप तयार करा. गॅमिटमध्ये हेडर वाचून स्टेशन-इन्फो भरण्याची सोय आहे. मोहिमेसाठी ती कामाची आहे, पण कायमस्वरूपी जाळ्यासाठी तीच रोज चालवली तर तंत्रज्ञाने रिसीव्हरमध्ये भरलेली प्रत्येक चूक थेट निकालात उतरते.

पाइपलाइनने रोज हेडरची तक्त्याशी तुलना करायची. रिसीव्हरचा अनुक्रमांक बदलला आणि तक्त्यात नोंद नाही? कोणीतरी उपकरण बदललं आणि कळवलं नाही. फाईल अडवा, स्टेशनच्या जबाबदार व्यक्तीला निरोप पाठवा. फक्त फर्मवेअर बदललं असेल तर फाईल सोडा पण नोंद करा, कारण फर्मवेअरमुळे सिग्नल पकडण्याची आणि मल्टिपाथ (आसपासच्या वस्तूंवरून परावर्तित होऊन आलेले सिग्नल) दाबण्याची पद्धत बदलते आणि महिन्यांनंतर त्याचा माग काढायला ही नोंद लागते.

अँटेनाच्या नावाला हेडरमध्ये वीस अक्षरांची जागा असते. पहिली सोळा नावाची, शेवटची चार रेडोमची. रेडोम नसेल तर तिथे ‘NONE’ ही चार अक्षरं हवीत. हाताने केलेल्या दुरुस्तीत एखादी स्पेस कमी-जास्त झाली की रेडोमचा कोड एका घराने सरकतो आणि अँटेना-रेडोमची ती जोडी कॅलिब्रेशनच्या अँटेक्स फाईलमध्ये सापडत नाही. मग काही सॉफ्टवेअर थांबतं, काही रेडोम नसल्याचं धरून पुढे जातं. थांबणारं परवडलं. रेडोमच्या फरकाने उंचीत काही मिलिमीटरपासून सेंटिमीटरच्या आसपास उडी येऊ शकते आणि ती नेमकी ‘जमीन हलली’ अशी दिसते. मोठं का दिसतं तेही समजून घ्या: आयनोस्फिअरचा परिणाम काढून टाकणाऱ्या एल१-एल२च्या जोडणीत एल१ला २.५५ने आणि एल२ला उणे १.५५ने गुणलेलं असतं. फक्त एल१च्या फेज सेंटरमध्ये (अँटेनात सिग्नल जिथे मोजला जातो त्या बिंदूत) १ मिलिमीटरची चूक असेल तर जोडणीत ती अडीच मिलिमीटरची होते, आणि सोबत ट्रोपोस्फिअरचा अंदाजही काढत असल्याने उंचीवर आणखी ताण येतो.

म्हणून नाव जुळवताना स्ट्रिंग जशीच्या तशी, वीसच्या वीस अक्षरं धरून तुलना करा. मोकळ्या जागा छाटून जुळवण्याचा मोह टाळा. नाव आयजीएसच्या अधिकृत यादीत आहे का आणि वापरात असलेल्या अँटेक्स फाईलमध्ये ती जोडी आहे का, या दोन्ही गोष्टी रूपांतराच्या वेळीच तपासा, विश्लेषणाच्या वेळी नाही.

उंची. हेडरमधली उंची अँटेनाच्या संदर्भबिंदूपर्यंतची, उभी असायला हवी. मोहिमेत टेपने मोजतात ती बहुतेक तिरकी, अँटेनाच्या कडेपर्यंत. उदाहरण घ्या: चोक रिंग अँटेनाचा व्यास ३८ सेंटिमीटर, तिरकी उंची १.५०० मीटर. उभी उंची म्हणजे १.५००च्या वर्गातून ०.१९चा वर्ग वजा करून वर्गमूळ: १.४८८ मीटर. इथेच १२ मिलिमीटरचा फरक झाला, आणि कडा ते संदर्भबिंदू हे उभं अंतर अजून हिशेबात घ्यायचं आहे. फील्ड शीटवर ‘तिरकी की उभी’ आणि ‘कुठपर्यंत’ हे दोन रकाने सक्तीचे करा. ते रिकामे असतील तर पाइपलाइनने फाईल घेऊच नये. कोणती पद्धत असेल याचा अंदाज बांधणारा कोड लिहू नका.

अँटेना दिवसाच्या मध्येच बदलला असेल तर तो दिवस तोडा. एकाच फाईलमध्ये मधूनच नवीन हेडर घालण्याची सोय रायनेक्समध्ये आहे, पण ती फाईल वाचणारा प्रत्येक प्रोग्राम ती मानेलच असं नाही. दोन तुकड्यांपैकी मोठा ठेवा. दोन्ही सहा तासांहून लहान असतील तर दिवसच सोडून द्या. एका दिवसाने वेग बिघडत नाही, चुकीच्या अँटेनाच्या एका दिवसाने मात्र उडीची तारीख शोधणं अवघड होतं.

शेवटची आणि सगळ्यात स्वस्त तपासणी: कोड निरीक्षणांवरून स्टेशनची जागा काढा आणि तक्त्यातल्या निर्देशांकांशी ताडा. फरक २० मीटरहून जास्त असेल तर ती फाईल बहुधा दुसऱ्याच स्टेशनची आहे. चार अक्षरी नाव दोन जाळ्यांत दोन ठिकाणी वापरलेलं असतं, किंवा मोहिमेत दोन रिसीव्हरच्या फाईलची अदलाबदल झालेली असते. ही एक तपासणी दोन्ही पकडते. अंतर्गत नोंदीत नऊ अक्षरी नाव वापरा, चार अक्षरी फक्त सॉफ्टवेअरला देताना. हेडरमधली अंदाजे जागा विश्लेषणाला कधीच देऊ नका. ती कित्येकदा शून्य असते, कधी कारखान्यातली असते. निर्देशांक आपल्याच मागच्या निकालातून द्या, दहा मीटरच्या आत हवेत.

दर्जा मोजणं

मल्टिपाथसाठी एमपी१ ही नेहमीची जोडणी: पी१ वजा ४.०९ गुणिले एल१ अधिक ३.०९ गुणिले एल२, सगळं मीटरमध्ये. अँबिग्विटीमुळे येणारी सरासरी वजा केली की उरतो तो कोडचा मल्टिपाथ आणि गोंगाट. यावर ‘अर्ध्या मीटरहून जास्त असेल तर नापास’ असा सरसकट नियम लावला की इमारतीवरचं चांगलं स्टेशन रोज नापास होतं आणि उघड्या खडकावरचं बिघडलेलं स्टेशन पास होत राहतं. प्रत्येक स्टेशनची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या ६०-९० दिवसांच्या मध्यकाशी करा. अशा चार मालिका पुरतात: एमपी१, एमपी२, मिळालेल्या निरीक्षणांचं अपेक्षितांशी प्रमाण, आणि एल१ व एल२ची सिग्नल-गोंगाट पातळी. अचानक फक्त एल२ घसरला तर अँटेना किंवा त्यातला अँप्लिफायर बघा. दोन्ही हळूहळू, पावसाळी दिवसांत जास्त घसरत असतील तर केबलच्या जोडात पाणी शिरलेलं असतं. एका दिशेचे कमी उंचीचे उपग्रहच वर्षभरात कमी होत गेले तर झाड वाढलंय. यातलं काहीही फाईल अडवायचं कारण नाही. हे स्टेशनवर माणूस पाठवायचं कारण आहे.

स्लिपबद्दल फक्त मोजा, दुरुस्त करू नका. मोजायला दोन जोडण्या एकदमच लागतात आणि त्यामागचं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. एल१ची तरंगलांबी १९.०३ सेंटिमीटर, एल२ची २४.४२. दोन्हीवर एक-एक सायकल घसरली तर वाइड-लेनवर, म्हणजे एल१ आणि एल२च्या सायकलींच्या फरकावर, चालणारी मेलबर्न-व्युबेना जोडणी ते पाहूच शकत नाही, पण भूमितीमुक्त जोडणीत (एल१ वजा एल२, मीटरमध्ये) ५.४ सेंटिमीटरची उडी दिसते. उलट एल१वर ९ आणि एल२वर ७ सायकल घसरल्या तर भूमितीमुक्त जोडणीत जेमतेम ३ मिलिमीटर फरक पडतो, आयनोस्फिअरच्या हालचालीत तो हरवून जातो. मेलबर्न-व्युबेनात मात्र २ सायकल, म्हणजे पावणेदोन मीटरच्या आसपास. ७७ आणि ६० घसरल्या तर भूमितीमुक्त जोडणी पूर्ण आंधळी. म्हणून एकाच कसोटीवर स्लिप मोजणारी स्क्रिप्ट आकडा देते खरी, पण त्याचा अर्थ लावता येत नाही.

एक सापळा इथेच येतो. काही रिसीव्हर घड्याळाची चूक साचत गेली की घड्याळ एका मिलिसेकंदाने दुरुस्त करतात. ही दुरुस्ती कोडमध्ये केली आणि फेजमध्ये केली नाही, तर दोघांतला फरक एका एपॉकला २९९७९२.४५८ मीटरने उडतो, आणि सगळ्या उपग्रहांवर एकदम. नीट न लिहिलेली स्क्रिप्ट दर काही मिनिटांनी आठ-दहा स्लिप मोजते आणि स्टेशन रद्दीत काढते. ओळखायची खूण: एकाच एपॉकला सगळे उपग्रह, आणि उडी मिलिसेकंदाच्या पूर्णांक पटीत. हे दिसलं तर ती घड्याळाची उडी म्हणून वेगळी मोजा आणि डेटा तसाच सोडा. विश्लेषणाची सॉफ्टवेअर हे सांभाळतात.

कक्षा, घड्याळं आणि त्यांची जोडी

आयजीएसची अंतिम उत्पादनं (उपग्रहांच्या कक्षा आणि घड्याळांच्या फाईल) १२ ते १८ दिवसांनी येतात, रॅपिड दुसऱ्या दिवशी, अल्ट्रा-रॅपिड दिवसातून चारदा. पाइपलाइनने तीन फेऱ्या माराव्यात: दुसऱ्या दिवशी रॅपिडवर (स्टेशन जिवंत आहे का हे कळायला), आठवड्याने (उशिरा आलेल्या फाईल उचलायला), आणि तीन आठवड्यांनी अंतिम उत्पादनांवर. टाइम सिरीजमध्ये जातो तो फक्त तिसऱ्या फेरीचा निकाल.

उत्पादनं मिसळू नका. पीपीपीसाठी (एकेका स्टेशनची जागा स्वतंत्रपणे काढण्याच्या पद्धतीसाठी) कक्षा, घड्याळं आणि बायस (सिग्नलांमधल्या ठरावीक फरकांची दुरुस्ती) एकाच केंद्राचे, एकाच मालिकेचे हवेत. अँटेना फाईलही फ्रेमसोबत (निर्देशांकांच्या संदर्भ-चौकटीसोबत) चालते. २७ नोव्हेंबर २०२२ला, जीपीएस आठवडा २२३८पासून, आयजीएसने आयजीएस२० फ्रेम आणि तिची नवी अँटेक्स फाईल स्वीकारली, त्याच वेळी उत्पादनांची नावंही लांब झाली. जुन्या नावांच्या नमुन्यावर शोधणाऱ्या कित्येक स्क्रिप्ट त्या आठवड्यात ‘फाईल मिळत नाही’ म्हणून बसून राहिल्या. त्यांतल्या नुसत्या नावांची दुरुस्ती करून आणि आयजीएस१४ची अँटेक्स तशीच ठेवून पुढे जाणं हे त्याहून वाईट, कारण मग निकाल येतात आणि त्यांत एक पायरी असते. लांब मालिका हवी असेल तर सीमेच्या अलीकडचा डेटा नव्या फ्रेमच्या पुनर्प्रक्रिया केलेल्या उत्पादनांवर परत चालवा.

चालवणं आणि परत चालवणं

प्रत्येक स्टेशन-दिवसाची एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये एक ओळ: मूळ फाईलचा चेकसम, कन्व्हर्टर आणि त्याची आवृत्ती, तक्त्याची आवृत्ती, एपॉकची संख्या, दर्जाचे आकडे, सध्याची स्थिती आणि अडवली असल्यास कारण. स्क्रिप्ट कितीही वेळा चालवली तरी निकाल तोच यायला हवा. तयार फाईल आधी तात्पुरत्या नावाने लिहा, तपासा, मग त्याच डिस्कवर नाव बदला. नाहीतर अर्धी लिहिलेली फाईल विश्लेषण उचलतं. एकाच वेळी दोन क्रॉन धावू नयेत म्हणून लॉक ठेवा. अडवलेल्या फाईलची यादी रोज एका मेलमध्ये, कारणासकट. मेल रोज पन्नास ओळींची येऊ लागली तर कोणी वाचत नाही, तेव्हा इशारा देणाऱ्या गोष्टी आणि अडवणाऱ्या गोष्टी यांच्या याद्या वेगळ्या ठेवा.

साइट लॉगमधली दुरुस्ती महिन्यांनी येते, हे गृहीत धरूनच बांधा. ‘मार्चपासून रेडोम नव्हता’ असं ऑक्टोबरमध्ये कळतं. तक्त्यात ओळ बदलली की डेटाबेसने त्या स्टेशनचे मार्चपासूनचे दिवस स्वतः रांगेत लावायला हवेत. दुरुस्ती रेडोम किंवा उंचीपुरती असेल तर रायनेक्स पुन्हा बनवायची गरज नाही, स्टेशन-इन्फो नव्याने काढून फक्त विश्लेषण परत चालवा. सिग्नलचा पसंतीक्रम किंवा कन्व्हर्टर बदलला असेल तर मात्र संग्रहातल्या कच्च्या फाईलपासून सुरुवात.